उंदराला मानवले, मला का नाही?

पावसाळा सरत आला की मारुंजीच्या शिवारात बांधावरचा लिंब गुळवेलीने वेढलेला दिसतो. हिंजवडीचे आयटी पार्क वाढत वाढत आमच्या गावाच्या दारात आले, शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. तरी उरलेल्या झाडांवर ही वेल आपला हक्क सोडत नाही. हृदयाच्या आकाराची पाने, गाठाळ खोड आणि तोडून फेकली तरी पुन्हा मुळे धरण्याची चिवट वृत्ती. आपल्या पूर्वजांनी तिला ‘अमृता’ म्हटले, ते उगाच नव्हे.

गेल्या वर्षी याच दिवसांत गावातील एक आजी सुनेबरोबर दवाखान्यात आल्या. वय अडुसष्ट. थायरॉईडची गोळी अनेक वर्षे चालू, बाकी प्रकृती काटक. आठवडाभर अन्नावरची वासना उडाली होती, अंगाला खाज सुटत होती. खिडकीपाशी नेऊन डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, तर पांढरे बुबुळ हळदीसारखे पिवळे झालेले. रक्ततपासणीत एसजीपीटी हे यकृताचे विकर नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी पट वाढलेले आढळले. पुण्यातील तज्ज्ञांकडे पाठविले. काविळीचे विषाणू तपासले, सोनोग्राफी झाली. दोन्हींत काही सापडले नाही. मग त्यांनी विचारले, “आजी, आणखी काय काय घेता?”

आजी दोन महिने रोज सकाळी बांधावरच्या गुळवेलीचा काढा घेत होत्या आणि रात्री बाजारातून आणलेल्या गुळवेलीच्या दोन गोळ्या. गोळ्यांच्या बाटलीसोबतचा कागद नातवाने त्यांना वाचून दाखविला होता. त्यात लिहिले होते, की उंदरांवरील प्रयोगांत ही वनस्पती यकृताचे रक्षण करते असे सिद्ध झाले आहे.

आता या कथेतील माझा भाग सांगते. दोन महिन्यांपूर्वी आजींनी मला विचारले होते, “डॉक्टरबाई, गुळवेल घेऊ का?” समोर रुग्णांची रांग होती. मी मान वर न करता म्हणाले होते, “घ्या की. वनस्पतीच ती, अपाय कसला?” त्यांच्या थायरॉईडचा विचार माझ्या मनाला शिवलादेखील नाही.

गुळवेल बंद केली, तज्ज्ञांचे उपचार झाले आणि काही आठवड्यांत यकृत पूर्ववत झाले. इतर कारणे वगळून त्यांनी ‘औषधाने झालेला यकृतदाह’ असे निदान लिहिले. बऱ्या होऊन आल्यावर आजींनी एकच प्रश्न विचारला: “डॉक्टरबाई, उंदराला मानवलं, मग मला का नाही मानवलं?”

या साध्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना दोन वाक्यांत देऊ शकले नाही. आजचा लेख म्हणजे ते उत्तर होय.

उंदराने खरोखर काय सांगितले?

प्रथम हे स्पष्ट करते, की त्या कागदावरील वाक्य खोटे नव्हते. गुळवेलीवरील महत्त्वाचे संशोधन आपल्याच मुंबईत, के.ई.एम. रुग्णालय आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात झाले आहे. ‘फुलवा’च्या लेखिका म्हणून आपण ज्यांना ओळखता, त्या डॉ. शरदिनी डहाणूकर मुळात औषधशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. डॉ. निर्मला रेगे, डॉ. उर्मिला थत्ते आदी सहकाऱ्यांसह त्यांनी आयुर्वेदातील वनस्पती आधुनिक कसोटीवर पारखण्याचे काम १९८०च्या दशकात हाती घेतले.

त्यांनी विचारलेला प्रश्न नेमका होता. पित्तनलिकेत खडा किंवा गाठ अडकून होणाऱ्या काविळीत रुग्ण अनेकदा काविळीने नव्हे, तर शस्त्रक्रियेच्या सुमारास रक्तात पसरणाऱ्या जंतुसंसर्गाने दगावतात. पित्त तुंबले की शरीराची प्रतिकारशक्ती खचते. ती सावरता येईल का?

हे पाहण्यासाठी पांढऱ्या उंदरांची पित्तनलिका बांधून त्यांच्यात तशीच कावीळ निर्माण केली गेली. त्यांच्या रक्तातील जंतू गिळणाऱ्या पेशी मंदावल्याचे दिसले आणि जंतुसंसर्ग झाल्यावर मृत्यूचे प्रमाण मोठे होते. ज्या उंदरांना गुळवेलीचा पाण्यातील अर्क दिला, त्यांच्या पेशी पुन्हा कार्यक्षम झाल्या आणि मृत्यू पुष्कळ घटले.

संशोधक तेथे थांबले नाहीत, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. पुढची पायरी माणसांची होती. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अशा काविळीचे ३० रुग्ण होते. सर्वांना नेहमीचे उपचार मिळाले. एका गटाला त्याशिवाय गुळवेलीचा अर्क, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १६ मिलिग्रॅम. केवळ नेहमीचे उपचार घेतलेल्या गटात निम्म्या रुग्णांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याची लक्षणे दिसली, गुळवेलीच्या गटात एकाच्याही नाही. शस्त्रक्रियेनंतर जगलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के, तर दुसऱ्यात सुमारे ९२ टक्के होते.

आकडे आशादायक आहेत. रुग्णसंख्या मात्र लहान. तरीही वेल, उंदीर आणि मग माणूस अशी पायरीपायरीने केलेली चढण कशी असावी, याचा हा वस्तुपाठ आहे.

चीनमधील एक ओली वनस्पती

या चढणीचे जगातील सर्वांत गाजलेले उदाहरण चीनचे. १९६७ मध्ये तेथील सरकारने हिवतापावर नवे औषध शोधण्याची मोहीम सुरू केली. बीजिंगमधील थू योयो यांच्या गटाने जुन्या चिनी ग्रंथांतील पाठ चाळून सुमारे दोनशे वनस्पतींचे ३८० अर्क तयार केले आणि हिवतापाची लागण केलेल्या उंदरांवर ते एकेक करून पारखले. ‘छिंगहाव’ नावाच्या दवण्याच्या कुळातील वनस्पतीने थोडा गुण दाखविला, पण पुढच्या वेळी तो टिकेना.

तेव्हा त्यांनी चौथ्या शतकातील वैद्य गे हाँग यांचा ग्रंथ पुन्हा वाचला. त्यात ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा असे सांगितले होते; उकळण्याचा उल्लेखच नव्हता. उष्णतेने गुण नष्ट होत असावा, हे थू यांनी ओळखले. कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये काढलेल्या १९१ क्रमांकाच्या अर्काने ऑक्टोबर १९७१ मध्ये उंदरांतील आणि नंतर माकडांतील हिवतापाचे जंतू पूर्णपणे नाहीसे केले. १९७२ मध्ये थू आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी आधी स्वतः तो अर्क घेऊन पाहिला. मगच तो रुग्णांना दिला गेला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले. २०१५ मध्ये थू योयो यांना नोबेल पारितोषिक लाभले आणि आज आपल्या आरोग्य केंद्रांतही फाल्सिपेरम हिवतापावर याच कुळातील औषध दिले जाते.

आपण यातून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, वनस्पती तीच असली तरी उकळलेली, पिळलेली आणि अर्क काढलेली ही तीन वेगळी औषधे असू शकतात. दुसरी, ३८० अर्क पारखले गेले तेव्हा एक उपयोगी ठरला. उरलेल्यांतील कित्येकांनीही कधीतरी थोडा गुण दाखविला असणार. ‘उंदरावर गुण दिसला’ हे वाक्य म्हणजे शोधाचे पहिले पान होय, शेवटचे नव्हे.

त्याच वेलीची दुसरी बाजू

कोविडच्या काळात घराघरांत काढे उकळू लागले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतील यकृततज्ज्ञांच्या एका गटाला यकृतदाहाचे सहा रुग्ण असे आढळले, की ज्यांनी गुळवेल घेतली होती. २०२१ मध्ये त्यांनी ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तीव्र हरकत घेतली: रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली हे तपासलेले नाही, गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असू शकते आणि एवढ्यावरून गुळवेलीला दोष देणे दिशाभूल करणारे आहे. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद मांडली. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा त्यांचा मध्यम काळ ४६ दिवसांचा होता. पुष्कळांच्या यकृतात ऑटोइम्यून, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्याच्या, खुणा होत्या.

हा वाद पुरता मिटलेला नाही. असंख्य लोकांनी गुळवेल घेतली आणि त्यांना काही झाले नाही, हेही खरे. परंतु मंत्रालयाची शंका मान्य केली तरी आपल्यासाठी सावधगिरी कमी होत नाही, उलट वाढते. पेल्यातील वेल खरी गुळवेलच आहे की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे आपण घरी कसे ओळखणार?

अशा गल्लतीची किंमत जगाने मोजली आहे. १९९०च्या सुमारास ब्रुसेल्समधील वजन घटविण्याच्या एका उपचारकेंद्रात दिल्या जाणाऱ्या चिनी वनस्पतींच्या मिश्रणात एका मुळीच्या जागी नामसाधर्म्यामुळे दुसरीच, ॲरिस्टोलोकिया कुळातील मुळी आली. शंभरावर स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. दुःखाची गोष्ट अशी, की या कुळातील आम्लामुळे उंदरांना कर्करोग होतो हे १९८२ मध्येच प्रसिद्ध झाले होते. उंदराने इशारा दिला होता. तो ऐकला गेला नाही. आपल्याकडील ‘ईश्वरी’ ही वेल याच कुळातील आहे, हे सर्पदंशावर किंवा पोटदुखीवर ती उगाळून देणाऱ्यांनी कृपया लक्षात घ्यावे.

उंदीर काय सांगू शकत नाही?

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. उंदराला मानवले ते माणसाला का मानवू नये?

पहिले कारण, प्रयोगशाळेतील उंदीर एकसारखे असतात. वंश एक, वय तरुण, खाद्य ठरलेले, दुसरा आजार नाही, दुसरी गोळी नाही. आपल्या घरातील आजोबांना मात्र मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी असते आणि दिवसाला सात गोळ्या असतात. अशा उंदरावर तो प्रयोग झालेलाच नाही.

दुसरे कारण संख्येचे. समजा ३० उंदरांना औषध दिले आणि एकालाही अपाय झाला नाही. गणित सांगते, की तरीही खरे अपायाचे प्रमाण दहात एक इतके असू शकते आणि आपल्या हाती शून्यच लागू शकते. मग हजारांत किंवा दहा हजारांत एकाला होणारा यकृतदाह तीस उंदरांत कसा दिसावा? तो दिसतो लाखो माणसे औषध घेऊ लागल्यावरच.

तिसरे कारण मात्रेचे. मोठ्या पांढऱ्या उंदराला दर किलोमागे १०० मिलिग्रॅम मानवले, म्हणून साठ किलोच्या माणसाला ६ ग्रॅम द्यावेत असा हिशोब चुकीचा ठरतो. लहान प्राण्याची चयापचय क्रिया वेगवान असते. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने अशा उंदराची दर किलोची मात्रा सुमारे सहाने भागावी लागते. अगदी लहान उंदीर असेल तर सुमारे बाराने. म्हणजे ६ ग्रॅमऐवजी जेमतेम १ ग्रॅम, आणि तीही केवळ सुरुवातीचा अंदाज म्हणून. घरच्या काढ्यात तर वेल किती जुनी, किती उकळली, किती उतरली, यांपैकी काहीच मोजलेले नसते.

चौथे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. के.ई.एम.मधील उंदरांची प्रतिकारशक्ती खचलेली होती आणि गुळवेलीने ती जागी केली. तेथे तोच गुण उपकारक ठरला. पण ज्या माणसाची प्रतिकारशक्ती आधीच आपल्या शरीरावर डोळा ठेवून आहे, तिला आणखी डिवचले तर? थायरॉईड मंदावण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. आजींच्या बाबतीत नेमके हेच घडले असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ही शक्यता मला आधीच सुचायला हवी होती. वाचकहो, औषधाचा गुण आणि दोष या नेहमीच दोन वेगळ्या वस्तू नसतात. अनेकदा ती एकच शक्ती असते. कोणाच्या शरीरात आणि कोणत्या वेळी गेली, यावर तिचे नाव ठरते. आयुर्वेदातही वैद्य नाडी, प्रकृती आणि काळ पाहूनच औषध योजतो. ‘सर्वांनी रोज सकाळी’ ही आज्ञा वैद्याची नव्हे, जाहिरातीची.

आणखी एक बाब. मान्य ग्रंथांतील आयुर्वेदिक औषध ग्रंथातील कृतीनेच केले असेल, तर परवान्यासाठी सुरक्षिततेची नवी चाचणी सादर करण्याची सक्ती नसते. दीर्घकालीन वापर हाच आधार मानला जातो. त्यामुळे बाटलीवर परवाना क्रमांक आहे याचा अर्थ ‘माझ्यासारख्या रुग्णावर हे तपासलेले आहे’ असा होत नाही.

घरी काय करावे?

ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात, ही विनंती.

१. ‘प्रयोगाने सिद्ध’ असे वाचले की चार प्रश्न विचारा: प्रयोग प्राण्यांवर की माणसांवर? किती जणांवर? कोणत्या आजारासाठी? पाण्यातील अर्क, काढा की गोळी? चारही उत्तरे मिळाली नाहीत, तर ते वाक्य जाहिरात समजा.

२. दवाखान्यात येताना केवळ डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या आणू नका. काढ्याची पुडी, चूर्ण, रसाची बाटली, शेजाऱ्यांनी दिलेली मुळी, सारे एका पिशवीत घालून आणा. कोणीही रागावणार नाही. आणि रागावले, तर डॉक्टर बदला.

३. ऑटोइम्यून थायरॉईड, संधिवाताभ, ल्युपस यांसारखे आजार असल्यास, यकृताचा जुना विकार असल्यास किंवा प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असल्यास गुळवेल आपल्या मनाने घेऊ नये. प्राण्यांवरील प्रयोगांत गुळवेलीने रक्तातील साखरही उतरल्याचे दिसले आहे. म्हणून मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी विचारावे.

४. कोणतेही वनौषध सुरू केल्यानंतर भूक मरणे, मळमळ, कमालीचा थकवा, अंगाला खाज, लघवी गडद होणे किंवा डोळे पिवळे दिसणे, यांपैकी काही झाले तर ते औषध त्याच दिवशी थांबवा आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्या. काविळीवर पुन्हा दुसरा पाला घेऊ नका. ग्लानी किंवा असंबद्ध बोलणे सुरू झाले, तर थेट रुग्णालय गाठा.

५. थांबवायचे ते नव्याने सुरू केलेले वनौषध. रक्तदाब, हृदय, मधुमेह किंवा थायरॉईड यांची नियमित औषधे डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.

६. आयुर्वेदिक औषध घ्यायचे असेल, तर शिकलेल्या, नोंदणीकृत वैद्यांकडून प्रकृती तपासून घ्या, ठरावीक काळापुरतेच घ्या आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना ते सांगा.

आणि डॉक्टरमित्रांसाठी सातवी सूचना मी स्वतःला देते: ‘आणखी काय घेता?’ हा प्रश्न मान वर करून विचारावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. आता माझ्या दवाखान्यात प्रत्येक ज्येष्ठ रुग्णाच्या कागदावर त्यासाठी वेगळी ओळ आहे.

परवा आजी भेटल्या. प्रकृती उत्तम आहे. बांधावरच्या लिंबावर गुळवेल तशीच आहे. त्यांनी ती तोडली नाही, मीही तोडा म्हणाले नाही. “तिचा काय दोष?” त्या म्हणाल्या, “तिनं थोडंच सांगितलं होतं, मला पी म्हणून!”

मी मान खाली घातली. तसे सांगणारी मीच होते.